उंच इमारत उभी कशी राहते? मुलांना हाताने कळू द्या

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना उंच इमारतीविषयी सांगताना आपण मजले किती ते सांगून मोकळे होतो. खरी गंमत पुढेच आहे. जितकं उंच जावं, तितका वाऱ्याचा आडवा रेटा भारी पडतो. कोकणातल्या मुलांना हे लगेच पटतं, कारण पावसाळ्यात वाकणाऱ्या पोफळी त्यांनी पाहिलेल्या असतात.

सुरुवात पुळणीवर करा. एक काठी वाळूत चार बोटं रोवायला सांगा, तेवढ्याच लांबीची दुसरी चांगली वीतभर. दोन्ही काठ्यांची वरची टोकं मुलांना ढकलू द्या. पाया खोल का लागतो, ते आपण सांगायची गरज उरत नाही. मग 828 मीटर उंच बुर्ज खलिफाची गोष्ट काढा. तिच्या पायाचे खांब जमिनीत जवळपास 50 मीटर खोल गेलेत. परतताना देवळापुढची दीपमाळ दाखवा, खाली रुंद, वर निमुळती.

घरी लागतो खराटा आणि आदल्या रात्री भिजत घातलेले वाटाणे. हिरांच्या जाड भागाचे 10 सेंटीमीटरचे तुकडे तुम्हीच कापा. टोकं डोळ्यांपासून लांब राहतील एवढं बघा. कोपऱ्यांना वाटाणे टोचून चौकोन करा, उभा धरा आणि बाजूने ढकला. लगेच कलतो. आता समोरासमोरचे दोन कोपरे हिराने जोडायचे. इथे अजिबात घाई करू नका. मूल आधी बाजूएवढाच हीर घेतं आणि तो पुरत नाही. साधारण 14 सेंटीमीटर लागतात, पण ते त्याचं त्यालाच मापू द्या. तिरका हीर बसला की दोन त्रिकोण होतात आणि चौकोन कलायचा थांबतो. बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलतच नाही. इंजिनिअर फझलुर खान यांनी शिकागोच्या 100 मजली जॉन हॅनकॉक सेंटरला बाहेरून अशाच पोलादी फुल्या दिल्या. फोटो जरूर दाखवा, मुलं त्यात आपला हीर ओळखतात.

असे तीन-चार मजले चढवून मनोरा पुठ्ठ्यावर चिकटवा आणि वाटाणे पूर्ण सुकू द्या. सुकताना ते आकसून हिरांना घट्ट धरतात.

शेवटी पुठ्ठा हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. मनोरा डोलू लागला की वरच्या मजल्यातून दोऱ्याने छोटा नट टांगा आणि पुन्हा हलवा. तैपेई 101 या 508 मीटर उंच इमारतीत असाच 660 टनांचा गोळा टांगलेला आहे; इमारत एकीकडे झुकली की तो मागे रेंगाळतो आणि डोलणं कमी करतो. पहिल्या फटक्यात फरक दिसेलच असं नाही. दोरा आखूड-लांब करत राहा. गोळ्याचा झोका मनोऱ्याच्या डोलण्याशी जुळावा लागतो.