सिंधूला नुसती रडवू नका : शोकांतिका बसवताना या चुका टाळा

दिवाळी सरली की रत्नागिरी-कणकवलीकडच्या हौशी संस्थांच्या तालमींना जोर चढतो. यंदा कुणी ‘एकच प्याला’ काढलं असेल, कुणी ‘मीडिआ’ ही ग्रीक शोकांतिका, तर आधी एवढं बघून घ्या.

सगळ्यात जास्त हाल होतात ते ‘एकच प्याला’तल्या सिंधूचे. गडकऱ्यांची सिंधू (१९१९) म्हणजे सोशिक पतिव्रता, असं धरून पहिल्या अंकापासूनच गळा काढला जातो. मग शेवटी प्रेक्षकाला रडायला काही उरतच नाही. संहिता नीट वाचा. ही बाई दळण दळून घर चालवते, माहेरी चल म्हटलं तरी हलत नाही, आणि मरता मरता पोलिसांसमोर दारुड्या नवऱ्याला वाचवणारी खोटी जबानी देते. म्हणजे निर्णय तिचेच. फक्त त्यातला एकही स्वतःसाठी नाही, आणि नाटक त्यालाच थोरवी म्हणतं. स्त्रीवादी समीक्षेने बोट ठेवलं ते इथे. नटीने प्रत्येक प्रवेशाच्या समासात ‘इथे ती काय ठरवते’ एवढंच लिहावं. निम्मं रडगाणं आपोआप गळेल.

वेळेत बसवायचं म्हणून कात्री गीतेवर चालवू नका. नवऱ्याचा दारूतला जोडीदार तळीराम, त्याची ही बायको नवऱ्याला तोंडावर सुनावते. तीच गेली, तर सिंधूसमोर दुसरी वाटच नव्हती असं भासू लागतं.

नवऱ्याने टाकलेल्या मीडिआला चेटकीण करू नका आणि मोर्चाची पुढारीही. एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन, असं ती म्हणते खरी. पण ते लिहिलं ग्रीक नाटककार युरिपिडीजने आणि म्हटलं मुखवटा चढवलेल्या पुरुष नटाने, इ.स.पू. ४३१ मध्ये. (हे नाटक ज्या नाट्यस्पर्धेत झालं, तीत युरिपिडीज तिसरा, म्हणजे शेवटचा आला. निकालावर चिडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) तिची तक्रार खरी वाटली पाहिजे आणि तिने केलेला पोटच्या पोरांचा खूनही अंगावर आला पाहिजे. दोन्हींतलं एक सोपं करून टाकलंत की नाटक संपलं.

‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकातला राजा क्रेऑन बाईपुढे हार जायची नाही म्हणतो, ते नाटककार सोफोक्लीसचं मत म्हणून टिपणात लिहू नका. त्याच हट्टापायी क्रेऑन मुलगा आणि बायको गमावतो.

राहता राहिला पुरुषाने केलेल्या स्त्रीपात्राचा प्रश्न. रात्र रात्र दशावतार बघणाऱ्या आपल्या माणसांना त्यात काही वावगं वाटत नाही, आणि रंगमंचावरची पहिली सिंधू बालगंधर्वांचीच. नट पुरुष आहे एवढ्यावर पात्र खोटं ठरवू नका. तो बाई दाखवताना लाजण्या-मुरकण्यावर भागवतो की तिचा विचारही दाखवतो, ते बघा.