पुस्तकाचा ट्रेलर पोरांनाच करू द्या

नागपूरच्या उन्हात दुपारभर पोरं घरात कोंडलेली आणि हातात मोबाइल. ‘वाच’ म्हटलं की तोंड वाकडं. मग मोबाइललाच कामाला लावा.

१. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, जुनी, पातळ पुस्तकं आणा. निवड मुलांची, तुमची नाही.

२. वाचून झालं की ४५ सेकंदांचा ट्रेलर करायला सांगा. पात्र कोण, ते कशात अडकलं, आणि नेमकं तिथेच ‘पुढे काय?’ म्हणून थांबायचं. चित्रं मुलांनीच काढलेली, आवाजही त्यांचाच. ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिला’ असं नागपुरी बोलली तर बोलू द्या, ऐकायला उलट मजा येते. शेवटी मुखपृष्ठाचा फोटो.

३. फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर टाका.

४. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, बक्षीस द्या. ज्याचा ट्रेलर पाहून सगळ्यांत जास्त मुलांनी ते पुस्तक मागून नेलं, तो जिंकला. बक्षीस म्हणजे आवडीचं पुस्तक. सोबत संत्रा बर्फी असली तर कोण नाही म्हणतंय!

फक्त पानं मोजून बक्षीस देऊ नका. पोरं वाचत नाहीत, नुसती पानं उलटतात.