संकासुराच्या तोंडी सर्पदंश : शाळेचा जनजागृती प्रयोग कसा बसवावा

कोकणातील बहुतेक शाळांमध्ये जनजागृती म्हटली की सकाळची फेरी, पुठ्ठ्याचे फलक आणि चार घोषणा एवढे ठरलेले असते. फेरी वाडीतून निघून जाते, पडवीत बसलेली माणसे मुलांकडे कौतुकाने पाहतात आणि विषय तिथेच संपतो. हीच माणसे दशावतार किंवा नमन ही लोकनाट्ये पाहायला मात्र रात्र जागवतात. सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या भागातील लोककलेच्या आधाराने एखादा गंभीर प्रश्न गावापुढे कसा मांडावा, हे सर्पदंशाचे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून येथे सांगितले आहे.

आधी विषय नेमका करा

‘पर्यावरण’ किंवा ‘आरोग्य’ हे प्रयोगाचे विषय होऊ शकत नाहीत, कारण ते ऐकून घरी गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी नेमके काय करायचे ते कळत नाही. विषय असा निवडावा की तो एका वाक्यात सांगता येईल आणि ते वाक्य म्हणजे एक कृती असेल. आपल्या उदाहरणात ते वाक्य आहे : साप चावला की थेट दवाखाना. हा विषय कोकणाला परका नाही. भातलावणी, गवतकापणी, काजूच्या बागेतील पातेरा गोळा करणे, गडग्यातला दगड हलवणे, रात्री चुलीसाठी लाकडे काढणे अशा रोजच्याच कामांत दंश होतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले आणि हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे आकडे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावेत, पण रंगमंचावर आणू नयेत. वाडीतल्या माणसाला ५८ हजारांपेक्षा शेजारच्या घरातला एक माणूस जास्त कळतो.

माहिती गोळा करणे

संहिता लिहिण्याआधी दोन आठवडे माहितीसाठी राखून ठेवावेत. एका गटाने प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांची वेळ घेऊन तीन प्रश्न विचारावेत : येथे प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचे औषध) उपलब्ध असते का, कृत्रिम श्वासाची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, आणि रात्री दोन वाजता तिथे पोहोचायला किती वेळ लागेल? दुसऱ्या गटाने आजी-आजोबांना भेटून सापांची स्थानिक नावे लिहून आणावीत, कारण पुस्तकातले नाव आणि वाडीतले नाव पुष्कळदा वेगळे असते आणि प्रयोगात वाडीतलेच नाव यायला हवे. कोणाला कधी साप चावला, तो वाचला की गेला, अशी नावानिशी माहिती मात्र मुलांनी गोळा करू नये. ते दुःख त्या घराचे असते.

चार सापांची ओळख प्रत्येक मुलाला पक्की हवी : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष या चारांच्या विषावर चालते. फुरसे आकाराने लहान असल्याने सड्यावरच्या (उघड्या कातळपठारावरच्या) जांभ्या दगडांत ते सहज दिसत नाही, आणि त्याच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मण्यारीचा प्रकार सर्वांत फसवा असतो. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाच्या जागी वेदना किंवा सूज फारशी नसते, आणि पहाटे माणूस पोट दुखते म्हणून उठतो. पुढे पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वास अडखळू लागतो. हा सगळा क्रम नाट्यमयच असल्याने आख्यानासाठी मण्यारच घ्यावी, असे माझे मत आहे.

या विषयातले मोलाचे काम कोकणातच झाले आहे, हेही मुलांना कळू द्यावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, सर्पदंशावरही दीर्घकाळ काम केले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कलाप्रकार गावाचाच घ्यावा

सिंधुदुर्गात दशावतार, रत्नागिरीत नमन आणि जाखडी हा गाण्याच्या तालावरचा समूहनाच, असा साधारण हिशेब धरावा. शहरातून आलेले पथनाट्य वाईट नसते, पण त्याचे व्याकरण प्रेक्षकाला नव्याने शिकावे लागते. दशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि संकासुर यांचा आड दशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, होऊन मग मुख्य आख्यान लागते, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. आपल्या कामाचा माणूस म्हणजे हा काळ्या वेषातला संकासुर, जो नमनातही भेटतो. तो वाटेल ते विचारू शकतो, कोणाचीही फिरकी घेऊ शकतो आणि त्याचा राग कोणी धरत नाही. म्हणून गावात खोलवर रुजलेला गैरसमज त्याच्याच तोंडी घालावा.

राजाचा मुलगा पहाटे पोट धरून उठला आहे आणि संकासुर मालवणीत म्हणतो, “आदी देवळात कौल लावया, डाक्टर खंय पळान जाता?” येथे उत्तर देणारे पात्र फार जपून निवडावे. शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या वेषातल्या मुलाने भाषण ठोकले, तर प्रेक्षक चुळबुळ करू लागतात. शिवाय देव विरुद्ध डॉक्टर असा सामना उभा राहिला, तर गाव देवाच्या बाजूने उभे राहणार हे सांगायला नको. उत्तर राजाच्या म्हाताऱ्या आईने द्यावे : “गाऱ्हाणा घाल, पण गाडयेत बसान घाल.” या एका वाक्यात श्रद्धेला धक्का लागत नाही आणि गाडीही सुटते. सर्प, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, ही माहिती सूत्रधाराने शेवटी शांतपणे द्यावी. धमकीचा सूर नको, आणि मांत्रिकाचे पात्र हास्यास्पद करण्याचा मोहही टाळावा. प्रेक्षकांत त्याचे नातेवाईक बसलेले असतात.

जाखडीचा मार्ग घेणाऱ्या शाळांना शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन प्रतिस्पर्धी गटांच्या सवाल-जबाबाची तयार चौकट मिळते. एका गटाने कोडे घालावे, दुसऱ्याने उलगडावे. नमुन्यादाखल :

भुईवर निजला धडधाकट, पहाटे दुखते पोट,
दाताची ना खूण अंगाला, कुणाकडे दावू बोट?

पापणी जड झाली ज्याची, मण्यार त्याला डसली,
गाडी काढा दवाखान्याची, वाट पाहता कसली?

मुलांनी स्वतः रचलेल्या ओळी याहून ओबडधोबड असल्या तरी त्याच घ्याव्यात. ज्यांना रंगमंचाची भीती वाटते त्यांच्यासाठी कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आहे. सुट्या कागदांवर प्रसंग रंगवायचे, एकेक चित्र पुढे धरायचे आणि कथा गात सांगायची, ही ठाकर समाजाने जपलेली रीत असून तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आठ-दहा चित्रांत आपले आख्यान बसते. मात्र ही कला कोणाची आहे, हे प्रयोगाच्या सुरुवातीला आदराने सांगावे.

तालमीत काय सांभाळावे

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यानाचा सांगाडा ठरतो आणि नट संवाद ऐनवेळी रचतात. मुलांनाही हे स्वातंत्र्य द्यावे, पण वैद्यकीय वाक्ये लिहून पाठ करून घ्यावीत आणि ती आधी डॉक्टरांना वाचून दाखवावीत : रुग्णाला धीर द्या, चालवू नका, अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा, आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, सापाला शोधण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

एक चूक मी प्रत्यक्ष पाहिली आहे. एका शाळेच्या प्रयोगात ‘काय करू नये’ हे दाखवण्यासाठी मुलांनी पायाला सुंभ करकचून बांधण्याचा प्रसंग इतका झकास रंगवला की टाळ्या त्यालाच पडल्या, आणि नंतर विचारल्यावर अनेकांनी ‘दोरी बांधायची’ हेच सांगितले. प्रेक्षक पाहिलेले लक्षात ठेवतो, त्यामागची सूचना विसरतो. म्हणून चुकीची कृती संवादात येऊ द्यावी, अभिनयात नाही. रंगमंचावर मात्र बांबूच्या कांबीने आणि जुन्या उपरण्याने पाय स्थिर करण्याची योग्य कृतीच सावकाश करून दाखवावी.

जिवंत साप कोणत्याही कारणाने आणू नये. ते धोक्याचे आहेच, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सापांना संरक्षण आहे. काथ्याच्या दोरीवर कागदाचा लगदा चढवून केलेली मण्यार, तिच्या निळसर काळ्या अंगावर पांढरे पट्टे, एवढे पुरेसे आहे.

वेळ आणि जागा

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि लावणीची घाई लगेच मागे लागते, त्यामुळे पहिला छोटा प्रयोग, निव्वळ दहा मिनिटांचा, सुरुवातीच्या पालकसभेतच करावा. संपूर्ण प्रयोग गणेशोत्सवात, आरती आटोपल्यावर वाडीतल्या एखाद्या मोठ्या खळ्यात ठेवावा. तेव्हा मुंबईचे चाकरमानीही गावी असतात आणि रात्री गाडी कोणाची काढायची हा प्रश्न त्यांच्यासमोरच सुटतो. गावकर आणि मानकऱ्यांची परवानगी आधी घ्यावी. प्रयोग पंचवीस मिनिटांपेक्षा लांबवू नये.

दोन आठवड्यांनी मुलांनी दहा घरे फिरावीत. ‘नाटक कसे वाटले’ हे विचारू नये, कारण उत्तर नेहमी ‘छान’ असेच मिळते. विचारायचे ते एवढेच : आज रात्री या घरात साप चावला, तर गाडी कोणाची आणि दवाखाना कोणता? उत्तर मिळाले तर वाहनचालकाचा फोन क्रमांक आणि १०८ लिहिलेला कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून पुढे जावे. उत्तर अडखळले, किंवा कोणी पुन्हा दोरीचे नाव काढले, तर ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यावेत. पुढच्या प्रयोगात संकासुराने तेच बोलायचे आहे.