गावात शुगरचा डेटा गोळा करताय? नुसता आकडा लिहून नाही भागत भाऊ

थिसिस असो की संस्थेचा सर्व्हे, पोरंपोरी एक्सेल शीट दाखवायला आणतात आणि त्यात 'शुगर' नावाचा एकच कॉलम असते, खाली १४२, १८८, ९६ असे आकडे, बस. आता हे १४२ उपाशीपोटीचं की जेवणानंतरचं? उपाशीपोटीचं असेल तर डायबेटिसच्या १२६ मिग्रॅ/डेसीलिटरच्या रेषेच्या वर गेलं, जेवून दोन तासांनी असेल तर त्यावरून डायबेटिस म्हणताच येत नाही. आकडा तोच, पण शीट पाहून काहीच सांगता येत नाही.

म्हणून पहिलं काम कॉलम वाढवा. तारीख, सुई टोचल्याची वेळ, शेवटचं खाल्लं-प्यायलं कधी, रक्त बोटातलं की शिरेतलं, मशीन कोणती, युनिट कोणतं. आणि "उपाशी आहात का?" असा प्रश्न फॉर्ममधे ठेवूच नका, कारण सगळेच हो म्हणतात, मग थोडं खोदलं की कळते "चहा घेतला जी, पण चहा काय खाणं हाये का?" आणि त्या चहात दोन चमचे साखर. त्यापेक्षा विचारा, सकाळपासून तोंडात काय काय गेलं? चहा, खर्रा, बिस्कीट, सगळं जसंच्या तसं लिहा, उपाशीपोटीचे ८ तास भरले की नाही ते नंतर तुम्ही ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसात बाया भल्या पहाटे शेतात निघतात, त्यामुळे नऊ वाजता गाडी काढून उपाशीपोटीचा नमुना मिळेल ही आशा सोडा.

बोटातलं रक्त घेतलं म्हणून लाजायचं काही कारण नाही, आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसच्या देशभरच्या अभ्यासातही शुगर मुख्यतः बोटातल्या रक्तावरच मोजली होती. फक्त तसं लिहा, कारण जेवणानंतर बोटातला आकडा शिरेतल्यापेक्षा जास्त येते. मशीनवर आकड्याऐवजी 'हाय' आलं, म्हणजे शुगर मशीनच्या मर्यादेपुढे गेली, तर मनानं ६०० टाकू नका, 'हाय' असंच वेगळ्या कॉलममधे लिहा. नमुना मिळालाच नाही तर रकाना रिकामा सोडा आणि बाजूला कारण लिहा, ० किंवा ९९९ टाकलं की सरासरीची वाट लागते.

आपल्याकडचा मे महिना वेगळाच. शुगर मशीनच्या बऱ्याच कंपन्यांच्या स्ट्रिपच्या डब्यावर ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं छापलेलं असते आणि आपण तो डबा गाडीच्या डिक्कीत घालून दुपारभर फिरतो. लॉट नंबर आणि डबा उघडल्याची तारीख फॉर्मवर घ्या, पुढे आकडे विचित्र दिसले तर शोधायला धागा राहते. शिरेतलं रक्त लॅबला पाठवत असाल तर काढल्याची आणि पोचल्याची वेळ दोन्ही हव्यात, कारण साध्या ट्यूबमधे रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होते, एटापल्लीहून गडचिरोलीला नमुना पोचेपर्यंत काय उरेल बघा. राखाडी झाकणाची फ्लोराइडवाली ट्यूबही पहिला तास-दोन तास हे पूर्ण थांबवत नाही, बर्फ सोबत ठेवा.

आता एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी. पुण्या-मुंबईचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलू नका, पूर्व विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. एसएस, म्हणजे आजार असलेल्या पेशंटच्या लाल पेशी लवकर मरतात म्हणून आकडा खोटाच कमी येऊ शकते, एएस, म्हणजे नुसता वाहक असेल तर मशीनच्या पद्धतीवर अवलंबून. उलट लोह कमी असलेल्या बाईचा आकडा वर सरकू शकते. म्हणजे सिकलिंगचा रिपोर्ट आणि हिमोग्लोबिन हे दोन कॉलम पाहिजेतच, नाही त डायबेटिसच्या ६.५ टक्क्यांच्या रेषेनं केलेली वाटणी कोणी मानणार नाही.

नावाचं बोलायचं तर शीटमधे नाव, आधार, मोबाईल काहीच नको, फक्त आयडी, आणि आयडी-नावाचं रजिस्टर वेगळ्या कपाटात कुलपात. रजिस्टरचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, अगदी "सर बघा ना जरा" म्हणूनही नाही. छोट्या गावात नाव काढून भागत नाही बरं का, 'वय ५८, अंगणवाडी सेविका' एवढ्यावर अख्खं गाव ओळखते. वय गटात टाका, हुद्दा उडवा.

रेंज नसलेल्या गावात ओडीके किंवा कोबो ही फॉर्म भरायची ॲप चालतात, फॉर्म मोबाईलवर भरून ठेवा, रेंज आली की पाठवा. कॉलेजकडे रेडकॅप हे संशोधनाचा डेटा ठेवायचं सॉफ्टवेअर असेल तर उत्तमच. तारीख मात्र २०२५-०४-०३ अशीच, कारण ०३/०४ ला एक्सेल कधी मार्च समजते कधी एप्रिल. मूळ फाईलला हात लावू नका, साफसफाई कॉपीवर.

वाचलेले पेपर झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधे ठेवा, फुकट आहे. प्रत्येक पेपरच्या नोटमधे युनिट लिहा, ब्रिटनच्या पेपरमधली शुगर मिलीमोलमधे असते, १८ नं गुणा म्हणजे आपलं मिग्रॅ/डेसीलिटर मिळते, आणि एचबीएवनसी ४८ दिसलं तर घाबरू नका, ते ६.५ टक्केच आहे.

आणखी तीन कॉलम सगळे विसरतात: ज्याची शुगर जास्त निघाली त्याला कळवलं कधी, पाठवलं कुठे, तो गेला का. एथिक्स कमिटी हे विचारतेच, आणि पुढच्या फेरीला गेले की आशाताई त्यांच्याही आधी विचारतात.