समाजशास्त्राची ओळख करून देताना या चुका टाळा

पहिल्याच तासाला फळ्यावर व्याख्या लिहू नका. 'समाज म्हणजे सामाजिक संबंधांचे जाळे' हे मुलं उतरवून घेतात, डोक्यात मात्र घरचाच अर्थ राहतो. नवी मुंबईतल्या घणसोलीत गावठाणातल्या मुलाला समाज म्हणजे आगरी समाज, थोडक्यात जात. सेक्टरमधल्या मुलीला सोसायटी म्हणजे मेन्टेनन्स आणि पार्किंगची भांडणं. आधी हे अर्थ त्यांच्याच तोंडून फळ्यावर येऊ द्या. एक अख्खी तासिका जाते, जाऊ द्या. पोर्शन संपवायची घाई असलेल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

'संस्था'चा घोळ याहून मोठा. चाचणीत सामाजिक संस्थेची दोन उदाहरणं विचारा, उत्तर ठरलेलं: पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था. शिक्षक शून्य देतात. मग मुलगा बिल्डिंगच्या पाटीचा दाखला देतो, 'सर, तिथे संस्थाच लिहिलंय!' खोटं नाही ते. 1960च्या कायद्याचं नावच महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आहे. इथे 'गाईडमध्ये तसं नाही' म्हणून सुटू नका. समाजशास्त्रज्ञ मॅकआयव्हरचा फरक सांगा: मंडळाचं (असोसिएशनचं) सभासद होता येतं, संस्थेचं (इन्स्टिट्यूशनचं) नाही. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मिळतं, म्हणून ते मंडळ. विवाह ही संस्था, म्हणजे रुळलेली नियमांची चौकट. 'मग मॅरेज सर्टिफिकेट?' असं कुणीतरी विचारतंच. ती एका लग्नाची नोंद आहे, सभासदत्व नव्हे. शेवटी एकाच बिल्डिंगमधून दोन्ही काढून घ्या: कमिटी हे मंडळ; विवाह आणि खाजगी मालमत्ता या संस्था.

ठाणे स्टेशनावरची गर्दी हा समूह नव्हे. रोज त्याच डब्यात भजन म्हणणारे, हा समूह.

सामाजिक नियम शिकवताना कायद्याची कलमं नकोत. लोकलची चौथी सीट घ्या: तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू द्यायचं, हे रेल्वेने कुठे लिहिलेलं नाही. न सरकणाऱ्याला दंड होत नाही, टोमणे मिळतात. अनौपचारिक नियंत्रण यातच आलं.

सामाजिक दर्जा शिकवताना 'जात अर्पित (जन्माने मिळालेली), डॉक्टर अर्जित (स्वतः मिळवलेला)' एवढ्यावर थांबू नका. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने जमीन घेतली तेव्हा जन्मलाही नव्हता, तो नातू आज स्वतःला प्रकल्पग्रस्त म्हणवतो. हा दर्जा कुठला? वर्गाला वाद घालू द्या.

समाजशास्त्राला हे नाव देणारा ऑगस्त काँत आणि त्याचं 1838 साल, हे सगळं दुसऱ्या आठवड्यात.