गरजांची पाहणी करताय? निदान या चुका तरी टाळा

विस्थापितांच्या छावणीत पोचल्या पोचल्या टॅब्लेट बाहेर काढणाऱ्यांची मला आताशा धास्तीच वाटते. आपल्या आधी कोणी काय मोजलंय हे बघायचं नाही आणि लांबलचक फॉर्म घेऊन तंबूतंबूत शिरायचं! एकाच बाईला तेच प्रश्न चौथ्यांदा विचारले जातात आणि ती चौथ्यांदाही मुकाट उत्तरं देते, कारण तिला वाटतं मदतीच्या यादीत नाव लागेल. विस्थापितांचे आकडे, पाण्याचे स्रोत, दवाखाने यांची माहिती बरेचदा कुणाकडे तरी तयार असते. एक सकाळ बसून ती वाचा. मग ज्या प्रश्नाच्या उत्तराने आपला एकही निर्णय बदलणार नाही, तो प्रश्न खोडा. माझ्या हातून निम्मा फॉर्म तरी जातोच.

पण माझा खरा राग आहे तो गाडी थांबते तिथेच पाहणी उरकणाऱ्यांवर. एका छावणीत पथकाने पाणी ‘पुरेसं’ असल्याचा अहवाल दिला. माणशी दिवसाला 15 लिटर, नळ 500 मीटरच्या आत, रांग अर्ध्या तासापेक्षा कमी. स्फिअरच्या, म्हणजे मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांत अगदी चपखल. तेव्हा मागच्या उतारावर जुलाबाची साथ चालू होती. आकडे खरे आहेत, असं पथकप्रमुख ठासून सांगत होता, आणि ते खरे होतेही. फक्त सगळे फाटकाजवळच्या तंबूंतले होते. फाटकाजवळची जागा मिळते आधी आलेल्यांना. उशिरा आलेले, नोंदणी न झालेले, सगळ्यात थकलेले लोक मागे फेकले जातात. म्हणजे ज्यांना शोधायला गेलो, नेमके तेच नमुन्यातून गळले. अहवालाच्या भरवशावर टँकर पुढेच रिकामा होत राहिला.

म्हणून मी आधी चालत थेट मागच्या टोकाला जाते आणि तिथून फाटकाकडे येत विचारत जाते. ही शास्त्रशुद्ध नमुना निवड नव्हे, ठाऊक आहे. वेळ असेल तर तंबूंना क्रमांक द्या, चिठ्ठ्या काढा. वेळ नसेल तर निदान पाय तरी झिजवा. आणि अहवालात लिहा की कुठे पोचलो नाही.

‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्नही सोडा. गाडीवर ताडपत्र्यांच्या संस्थेचं चिन्ह दिसलं की लोक ताडपत्रीच मागतात; वेडे नाहीत ते. काल काय खाल्लं, काय विकलं, पाणी कोणी आणलं, हे विचारा.

फक्त छावणीच्या म्होरक्याशी बोलून परतू नका. 20 माणसांमागे एक शौचालय हा हिशोब तो बरोबर सांगेल. आतून कडी नाही आणि रात्री दिवा नाही, हे बायकाच सांगतील, तेही तो शेजारी उभा नसताना.

कुपोषण तपासायला मुलांच्या दंडाचा घेर मोजताना फीत करकचून ओढू नका. 115 मिलिमीटरच्या खाली अतितीव्र कुपोषण धरतात, तिथे ओढलेले दोन मिलिमीटरही निकाल फिरवतात. दोन्ही पावलांची सूज बघायला मात्र विसरू नका, तीही कुपोषणाचीच खूण.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. एवढंही सांगावं लागतं!

राहिली नावं. जानेवारी 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या माहितीवर सायबर हल्ला झाला आणि 5 लाख 15 हजारांहून अधिक लोकांचे तपशील उघडे पडले. त्यांत हरवलेले, ताटातूट झालेले, कोठडीतले लोक होते. कुटुंबीयांचा शोध घ्यायचा तर तिथे नाव लागतंच. पण किती तंबू गळतात हे मोजायला नाव, फोटो, ओळखपत्राचा क्रमांक कशाला? ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून प्रत्येक तंबूचा जीपीएस बिंदू घेणाऱ्याला मी विचारते, कोणाला लागेल? नीट उत्तर मिळेपर्यंत ते सेटिंग बंद.