क्यूबेकच्या फ्रेंच घराण्याची वंशावळ कशी शोधावी

मुलगी-जावई कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात, माँट्रियलला, जावयाचं घराणं मूळ फ्रेंच, आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहून ठेवायची आहे. अशी मराठी घरं आता बरीच आहेत. त्या कामाला बसताना पहिल्यापासून ध्यानात ठेवा: आडनावाचा माग काढू नका, लग्नांचा काढा.

सुरुवात घरातूनच करा. आजी-आजोबांचं लग्न कुठल्या गावात, कुठल्या चर्चमध्ये, साधारण कधी झालं, एवढं हाती आलं की पुरे. अलीकडच्या नोंदी गोपनीयतेमुळे सहज पाहता येत नाहीत, म्हणून ही पहिली कडी घरच्यांकडून किंवा जुन्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांतून मिळवावी लागते.

पुढचं काम चर्चच्या वह्यांचं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी तिथे 1621 पासून आहेत. 1640 च्या आगीत क्यूबेक शहरातली वही जळाली, ती लोकांना विचारून, आठवणीवर पुन्हा लिहून काढली गेली. 1679 पासून प्रत्येक नोंदीची दुसरी प्रत सरकारदरबारी जाऊ लागली, त्यामुळे एक हरवली तरी दुसरी सापडण्याची आशा असते. क्यूबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराने या वह्यांच्या प्रती इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत.

लग्नाची नोंद सावकाश वाचा. नवरा-नवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं तिथे असतात, आणि आईचं नाव माहेरच्या आडनावासह असतं. बाई लग्नानंतरही, अगदी दफनाच्या नोंदीतसुद्धा, बहुधा त्याच आडनावाने येते. आपल्या वंशावळींत पणजीच्या जागी नुसतं ‘पत्नी’ लिहिलेलं पाहिलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. म्हणून आईकडची शाखाही तितक्याच नेटाने शोधा, ती सापडते. वधू विधवा असेल तर आईवडिलांऐवजी बऱ्याचदा आधीच्या नवऱ्याचं नाव दिलेलं असतं. अशा वेळी तिचं पहिलं लग्न शोधा. वधूवरांत जवळचं रक्ताचं नातं असल्यामुळे चर्चची खास परवानगी घेतल्याचा उल्लेख दिसला तर तो टिपून ठेवा. वरच्या पिढीत दोन शाखा एकत्र येतात, याची ती खूण असते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘दी’ने (फ्रेंच dit, म्हणजे ‘ऊर्फ’) जोडलेल्या दुहेरी आडनावांत. मिव्हिल दी देशेन म्हणजे मूळ आडनाव मिव्हिल, पण लोक म्हणणार देशेन. 1665 साली आलेल्या कारिन्यान-सालिएर पलटणीतल्या सैनिकांची टोपणनावं अशीच चिकटून राहिली. काही नावं गावावरून किंवा जमिनीवरून पडली. पुढे एक भाऊ पहिलं नाव लावतो, दुसरा भाऊ दुसरं. मूळ नाव एक आणि रूढ झालेलं दुसरं, हा प्रकार आपल्या कुलकर्णी-देशपांड्यांना परका नाही. शोधताना दोन्ही नावं घाला, स्पेलिंगही बदलून पाहा. घराणं मधल्या काळात अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत कामाला गेलं असेल तर आडनावाचं इंग्रजी भाषांतर होऊन लब्लाँचं व्हाइट आणि बुआव्हेरचं ग्रीनवुड झालेलं असू शकतं.

पहिल्या नावावरही विसंबू नका. मुलग्यांच्या नावाआधी जोसेफ आणि मुलींच्या नावाआधी मारी लावायची रीत पुढे इतकी रुळली, की एकाच घरात चार-चार जोसेफ दिसतात. रोजच्या वापरातलं नाव बहुधा शेवटचं.

1800 च्या मागे गेलात की काम उलट सोपं होतं. माँट्रियल विद्यापीठाने 1966 पासून सुरू केलेल्या प्रकल्पात त्या काळच्या नोंदी कुटुंबवार जोडलेल्या आहेत. अशा मार्गाने त्रांब्ले आडनावाची माणसं 1657 मध्ये क्यूबेकला लग्न झालेल्या प्येर त्रांब्ले आणि ओझान आशों या एकाच जोडप्यापर्यंत पोचतात.

शेवटचा टप्पा फ्रान्सचा. 1663 ते 1673 या काळात राजाच्या खर्चाने सुमारे 800 मुली इथे लग्नासाठी आल्या, आणि पुष्कळ घराण्यांची पहिली आई त्यांच्यातलीच. त्यांचे विवाहकरार नोटरीच्या दप्तरात आहेत. करारात मुलीचं फ्रान्समधलं मूळ गाव किंवा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) दिलेलं असेल तर ते उतरवून घ्या आणि तिथल्या जिल्हा अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर तिच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधा.